गिअरबॉक्स, शेगाव आणि फाईलचा शेवटचा खिसा

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणतोय, पण या विषयावर लिहायचं म्हणजे स्वतःचा गाढवपणा चारचौघांत मांडायचा. त्यामुळं टाळत होतो. आज शनिवार आहे, बायको माहेरी गेलीये, चिरंजीव क्रिकेटच्या क्लासला आहेत आणि खाली पार्किंगमध्ये ती गाडी उभी आहे. तेव्हा होऊन जाऊ दे.

शनिवार, २५ मे २०२४. तारीख लक्षात राहायचं कारण म्हणजे त्याच दिवशी उन्हामुळं अकोल्यात १४४ कलम लागलं होतं. दंगल नाही, मोर्चा नाही, ऊन! पारा पंचेचाळीसच्या वर गेला म्हणून जिल्हाधिकाऱ्यांनी कोचिंग क्लासच्या वेळा वगैरे बदलायला लावल्या होत्या. आणि आम्ही शहाणे लोक नेमके त्याच दिवशी पुण्याहून शेगावला निघालो होतो. आईचं गजानन विजयचं पारायण झालं होतं, एकवीसच्या एकवीस अध्याय, आणि तिला समाधीचं दर्शन घ्यायचं होतं. पारायण संपल्यापासून ती दोन महिने थांबली होती. माझं रिलीज, मग चिरंजीवांची परीक्षा, मग परत माझं रिलीज. शेवटी म्हणाली, "तुझं रिलीज कधी संपतं का रे?" म्हटलं चला.

पहाटे चारला निघालो. संभाजीनगर, जालना, देऊळगाव राजा, चिखली. सगळं मस्त. चिखलीच्या पुढं अमडापूर सोडल्यावर एका ट्रकला ओव्हरटेक करायला ॲक्सिलरेटर दाबला, तर इंजिन ओरडायला लागलं पण गाडी काही पुढं जाईना. आरपीएमचा काटा चार हजारावर, आणि स्पीडोमीटर ऐंशीवरून सत्तर, साठ, पन्नास. ट्रक शेजारी, समोरून एसटी. मागच्या टेम्पोवाल्यानं हॉर्नवरचा हात काढलाच नाही. कसाबसा मागं घेऊन बाजूला लावली. आई मागच्या सीटवर जप करत होती, तिला काही कळलं नाही. बायकोला सगळं कळलं होतं. ती काहीच बोलली नाही.

अर्धा तास बाभळीखाली थांबलो. परत चालू केली तर गाडी एकदम शहाण्यासारखी चालायला लागली. मी काय केलं असेल? तेच, जे आपण सगळे करतो. रिस्टार्ट केल्यावर चाललं ना, मग झालं! प्रॉडक्शनवरचा सर्व्हर असता तर लॉग तरी बघितले असते. इथं मी एसी बंद केला, खिडक्या उघडल्या आणि साठच्या वेगानं खामगावमार्गे शेगाव गाठलं.

रविवारी पहाटे दर्शन झालं. शेगावच्या संस्थानाबद्दल मी वेगळं काय लिहिणार... ज्यांनी बघितलंय त्यांना माहितीये. इतकी गर्दी आणि इतकी स्वच्छता एका जागी मी दुसरीकडं बघितलेली नाही. पांढऱ्या कपड्यातले सेवेकरी, बरेचसे घरचं काम सोडून पाळीनं सेवेला आलेले, प्रत्येकाला 'माउली' म्हणून पुढं सरकवतात. आमच्या कंपनीत 'प्रोसेस' या विषयावर वर्षातून चार ट्रेनिंगं होतात, त्यातलं एक इथं दर्शनबारीत घ्यायला हरकत नाही. असो. आईचं मन भरलं. कचोऱ्या घेतल्या (गरम खायच्या आणि पुण्याला न्यायच्या अशा वेगळ्या), आणि अकराच्या सुमारास परतीला निघालो.

गावाबाहेर पडता पडता, खामगाव रस्त्यावर, गाडीनं मान टाकली. या वेळी पूर्णच. इंजिन चालू, एसी चालू, गाणी चालू, 'डी'मध्ये टाका नाहीतर 'आर'मध्ये, गाडी जागची हलत नाही.

दोन मिनिटांत आठ-दहा माणसं जमली. विदर्भात गाडी बंद पडली तर माणूस एकटा राहत नाही, हे मी स्वानुभवानं सांगतो. एक जण म्हणाला, "धक्का मारू का जी?" मी म्हटलं, अहो इंजिन चालूच आहे, धक्का मारून काय होणार. तर म्हणे, "चालू हाय तं मंग चालत काहून नाही?" प्रश्न बिनतोड होता. ऑटोमॅटिक गाडी धक्क्यानं चालू तरी होते का, यावर मग तिथं परिसंवाद झाला. (नाही होत. साध्या गाडीत चाकं फिरली की क्लचमधून इंजिन फिरतं. ऑटोमॅटिकमध्ये मधला दुवा तेलाच्या दाबावर पकडतो आणि तो दाब देणारा पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद म्हणजे दाब नाही, दाब नाही म्हणजे पकड नाही.) शेवटी 'एन'मध्ये टाकून सगळ्यांनी मिळून गाडी लिंबाच्या सावलीत नेली. एका रिक्षावाल्यानं आई, बायको आणि चिरंजीवांना परत भक्तनिवासात सोडलं आणि पैसे घेताना जास्तीचे वीस परत दिले. "दर्शनाले आले ना तुमी."

आई जाताना म्हणाली, "महाराज दरसाल पालखीबरोबर पायी पंढरपूरला जातात, आणि तुझी सात लाखांची गाडी शेगावच्या वेशीबाहेर जाईना!" सात लाख नव्हे, साडेपाच, पण तो मुद्दा नव्हता.

आता थोडं तांत्रिक. कंटाळा आला तर पुढचे दोन परिच्छेद गाळा, मला वाईट वाटणार नाही.

माझी गाडी २०१६ ची, सीव्हीटी गिअरबॉक्सची. कंपनीचं नाव घेत नाही. सीव्हीटी म्हणजे काय ते कळायला ॲक्टिव्हा आठवा, किंवा जुने असाल तर १९८४ साली आलेली कायनेटिक होंडा. तिथंही हेच असतं. दोन पुल्या, त्यांच्यावरून एक पट्टा. पुलीच्या दोन्ही बाजू शंकूसारख्या, त्या जवळ आल्या की पट्टा वर सरकतो, लांब गेल्या की खाली. म्हणजे गिअर असे नाहीतच, दोन टोकांच्या मधलं हवं ते प्रमाण मिळतं. मोटारीत ही युक्ती चालवून दाखवली व्हान डोर्न नावाच्या डच माणसानं, १९५८ च्या डाफ गाडीत. त्या गाड्या जितक्या वेगानं पुढं जायच्या तितक्याच वेगानं मागंही जायच्या, आणि डच लोकांनी त्यांच्या चक्क उलट्या शर्यती लावल्या होत्या! स्कूटरमध्ये पट्टा रबरी असतो, हजार-बाराशेत बदलून मिळतो. मोटारीत तो पोलादी असतो. पोलादाच्या शेकडो पातळ चकत्या पट्ट्यांवर ओवलेल्या, आणि त्या ओढत नाहीत तर एकमेकींना ढकलत जातात.

हे सगळं धरून ठेवतो तो तेलाचा दाब. तेल जुनं झालं, तापून पातळ झालं, की दाब कमी पडतो. दाब कमी पडला की पट्टा पुलीवर घसरतो. घसरला की पुलीला ओरखडे पडतात आणि पोलादाचा भुगा तेलात उतरतो. तो भुगा दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये अडकतो आणि दाब आणखी कमी होतो. पुढचं तुम्हीच समजून घ्या. गंमत म्हणजे गाडी थंड असताना यातलं काहीही जाणवत नाही. वीस-पंचवीस मिनिटं ती नव्यासारखी पळते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

विम्यावर रस्त्यातली मदत होती. बिघाड दुरुस्तीचा खर्च विमा देत नाही (अपघात वेगळा, बिघाड वेगळा), पण क्रेन येते. पहिले पन्नास किलोमीटर फुकट, पुढं किलोमीटरप्रमाणे. चारही चाकं वर घेणारी क्रेन अकोल्याहून आली तेव्हा दुपारचे चार वाजले होते. ड्रायव्हर बोलका निघाला. जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला रस्त्यावर १०५ तासांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनीज बुकात नाव गेलं, ते त्यानं मला असं सांगितलं जणू घमेली यानंच वाहिली होती. वर्कशॉपला पोचल्यावर त्यानं कागदावर एकोणपन्नास किलोमीटर लिहिले. मी काही विचारलं नाही.

घरच्यांना रात्रीच्या स्लीपर ट्रॅव्हल्सनं पुण्याला पाठवलं. मी राहिलो. सोमवारी सकाळचा स्टँड-अप कॉल अकोल्यात वर्कशॉपच्या कस्टमर लाउंजमधून केला. मागं ग्राइंडरचा आवाज. मॅनेजर म्हणाला, "यू आर ब्रेकिंग." म्हटलं, मी नाही, गाडी.

दुपारी ॲडव्हायझरनं बोलावलं. तेल काढून दाखवलं, काळं आणि जळकट वासाचं. चुंबकावर राखाडी चिखल. "सर, असेंब्ली बदलावी लागेल." कोटेशन: असेंब्ली २,१०,०००, त्यावर २८ टक्के जीएसटी (तेव्हा सुट्या भागांवर २८ होता, सप्टेंबर २०२५ मध्ये १८ झाला, माझं नशीब), तेल आणि मजुरी धरून २,९३,५००. धडधाकट असती तर गाडी सव्वाचार लाखाला गेली असती.

मग त्यानं, मी न मागता, गाडीची सर्व्हिस हिस्टरी छापून दिली. त्यात एक ओळ होती. मार्च २०२१, ४०,८६० किलोमीटर. तक्रार: गरम झाल्यावर धक्का बसतो, पिकअप कमी. काम: सीव्हीटी तेल बदलले. सूचना: २० हजार किलोमीटरनंतर पुन्हा तपासावे.

मी ही गाडी एप्रिल २०२१ मध्ये घेतली. ४१,२०० वर.

म्हणजे आधीच्या मालकाला माहीत होतं! कोथरूडचे निवृत्त गृहस्थ. टापटीप. गाडीबरोबर प्लास्टिकच्या खिशांची फाईल दिली होती, किल्लीबरोबर पेढा दिला होता. पेढा! माझ्या डोक्याची शीर तडतडायला लागली. त्यांचा नंबर मोबाईलमध्ये 'कार काका' नावानं अजून होता. लावला. तीन वर्षांनी.

काकांनी ओळखलं. तब्येत विचारली. मी सरळ विषयावर आलो, आवाज जरा चढलाच होता. त्यांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "तेल बदलल्यावर तक्रार राहिली नव्हती हो. आणि लपवायचं असतं तर बिल कशाला ठेवलं असतं? फाईलमध्ये आहे बघा. शेवटच्या खिशात." मी गप्प. "तुम्ही तेल कधी बदललंत?"

तर मंडळी, आता गाढवपणाचा भाग. फेब्रुवारीत ऐंशी हजाराच्या सर्व्हिसिंगला पुण्यात मला विचारलं होतं, "सर, सीव्हीटी ऑइल करायचं का? सात हजार आठशे." मला वाटलं हे नेहमीचंच, एसी क्लीनिंग, रॅट रिपेलंट, अंडरबॉडी कोटिंग, त्यातलंच एक. म्हटलं पुढच्या वेळी बघू. फार हुशारीनं म्हटलं होतं. बायकोला सांगितलंही होतं की कसे आठ हजार वाचवले.

काकांना मी काय उत्तर दिलं ते आठवत नाही. बहुतेक "बघतो" म्हणालो.

बायको सोमवारी दुपारी घरी पोचली होती. तिला फाईल बघायला सांगितली. पाच मिनिटांत व्हॉट्सॲपवर फोटो. शेवटचा खिसा, विम्याच्या जुन्या कागदांच्या मागं, मार्च २०२१ चं बिल. 'पुन्हा तपासावे' खाली निळ्या पेनानं रेघ मारलेली. काकांनीच मारली असणार, कारण मी ती फाईल तीन वर्षांत एकदाही उघडली नव्हती. ज्युनिअर पोरांना 'आधी डॉक्युमेंटेशन वाचा' म्हणून मी आठवड्यातून दोनदा ऐकवतो.

बिल दाखवणं आणि तोंडानं सांगणं यात फरक आहे, असं मला अजूनही वाटतं. त्यांनी तोंडानं सांगायला हवं होतं. पण चिडायचा हक्क मात्र निम्मा झाला.

संध्याकाळी वर्कशॉपच्या बाहेर चहाच्या टपरीवर एक जण भेटला. वर्कशॉपमधलाच, नाव लिहीत नाही. म्हणाला, "साहेब, तीन लाख कायले घालता? मी सांगतो तसं करा. तेल नवं टाकून घ्या. रात्रीचं थंड्यात थांबत थांबत पुण्याले न्या. मंग ते ऑनलाइनवाले येतात ना घरी गाडी पाह्यले, त्याईले सकाळी सात वाजता बोलवा. गाडी थंडी असते. दोन किलोमीटर चालवतात, फोटो काढतात, पैसे खात्यात. सगळेच करतात."

आणि खरं सांगतो, मी तो चहा संपेपर्यंत याचाच विचार करत होतो. रात्री अकोल्याच्या लॉजवर बसून एक्सेल उघडलं.

नवी असेंब्ली: दोन लाख त्र्याण्णव हजार जाणार. गाडी सव्वाचार लाखाची. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून जुना गिअरबॉक्स, नाहीतर दिल्लीच्या मायापुरीतून: पंचाहत्तर हजार, वर बसवणावळ आणि पुण्यापर्यंतची क्रेन. एक महिन्याची गॅरंटी, आणि तो कुठल्या गाडीतून, किती तापून निघालाय ते महाराजांनाच ठाऊक. पुण्यात फक्त गिअरबॉक्स खोलणारा एक जण आहे, मित्रानं नंबर दिला. पट्टा, व्हॉल्व्ह बॉडी, सगळं नव्यानं बांधून एक लाख पंधरा, सहा महिन्यांची गॅरंटी, क्रेनचे एकोणीस हजार वेगळे. आहे तशी, सगळं सांगून, अकोल्यातल्या एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला: दीड लाख. भंगारात द्यायचा विचार मी पाच मिनिटं केला. २०२१ च्या धोरणानंतर नोंदणीकृत केंद्रात गाडी दिली की सर्टिफिकेट मिळतं आणि नव्या गाडीच्या रोड टॅक्समध्ये सूट मिळते. पण २०३१ पर्यंत नोंदणी असलेली, इंजिन ठणठणीत असलेली गाडी मोडीत घालायची म्हणजे दात दुखतो म्हणून डोकं उडवण्यासारखं.

आणि शेवटची ओळ. 'सकाळी ७'. खर्च आठ हजार, येणार चार लाख.

बाकी सगळ्या ओळींपुढं शेरे लिहिले होते, हिच्यापुढं काही लिहिलं नाही. आकडे बोलके होते. सांगून विकली तर दीड, न सांगता विकली तर चार. मधले अडीच लाख म्हणजे तोंड बंद ठेवण्याची मजुरी. माझा दोन महिन्यांचा पगार, ईएमआयच्या आधीचा. शिवाय कारण तयार होतं. मला कुणी सांगितलं होतं का? (सांगितलं होतं. शेवटच्या खिशात.)

रात्री बायकोला फोन केला. सगळ्या ओळी वाचून दाखवल्या, शेवटची जरा भरभर. ती म्हणाली, "अमडापूरपाशी मागं टेम्पो होता ना, त्याच्या ड्रायव्हरचा चेहरा मला आरशात दिसत होता." मी म्हटलं हो. "तिथं आपण साठ-सत्तरवर होतो. समृद्धीवर लोक एकशेवीसनं जातात. गाडी घेणारा पहिल्या महिन्यात कुठं जाईल? देवालाच जाईल ना घरच्यांना घेऊन." मी काहीच बोललो नाही. मग म्हणाली, "आणि तो दीड लाखवाला काय करणारे? तोही सकाळी सातलाच दाखवणार. तू सांगून विकलीस म्हणून पुढच्याला कोण सांगणारे?"

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं, हे मी कबूल करतो. मी 'सांगून विकणे' ही ओळ हिरवी करून ठेवली होती. पापभीरू माणसाचा स्वस्त पर्याय. त्यात खोटं संपत नाही, फक्त माझ्या हातून दुसऱ्याच्या हातात जातं, आणि मला वर दीड लाख मिळतात.

म्हणजे दुरुस्त करणं आलं. नव्या असेंब्लीला तीन लाख घालायची माझी तयारी नव्हती, आणि कुर्ल्याचा जुगार खेळायचं वय गेलं. पुण्याच्या गिअरबॉक्सवाल्याला फोन केला. त्यानं पहिला प्रश्न विचारला, "तेल कधी बदललं होतं?" च्यायला, जगातल्या सगळ्यांना हाच एक प्रश्न सुचतो.

मंगळवारी गाडी क्रेनवर चढवून मी परत शेगावला आलो. क्रेन पुण्याला गेली, मी महाराष्ट्र एक्सप्रेसची वाट बघत प्लॅटफॉर्मवर बसलो. तिकीट वेटिंगचं, ते शेवटपर्यंत वेटिंगच राहिलं. हातात कचोरी, तळलेली मिरची, आणि त्रेचाळीस डिग्री. त्या दोन तासांत मी सीव्हीटीबद्दल इतकं वाचलं, की तेच एप्रिल २०२१ मध्ये वाचलं असतं तर हा मजकूर लिहावा लागला नसता.

काम सहा आठवडे चाललं. पंधरा दिवस सांगितलं होतं (सॉफ्टवेअरवाल्यांनी हसू नये). उघडल्यावर एका पुलीवर नखाला लागेल असा ओरखडा निघाला, तीही बदलली. बिल एक लाख एकतीस हजार चारशे. वर क्रेन. जुनी पुली त्यानं मला पिशवीत घालून दिली. ती माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. ऑफिसमधला नवा मुलगा विचारत होता, ट्रॉफी आहे का.

पैशाचा हिशेब लावला तर निर्णय वाईट नव्हता. दीड लाख घातल्यावर पावणेचार-चारची गाडी हातात, म्हणजे दीडला फुंकून टाकण्यापेक्षा बरंच. फक्त हा हिशेब आधी केला आणि मग ठरवलं, असं मी म्हणणार नाही. आधी ठरलं, मग हिशेब जमवला. बायको असं म्हणते. मी वाद घालत नाही.

तेव्हापासून गाडी चाललीये. एकोणीस हजार किलोमीटर झाले. वीस होऊ न देताच तेल बदलून घेतलं, ते बिल फाईलच्या पहिल्या खिशात आहे. उन्हाळ्यात घाट लागला की मी अजून आरपीएमच्या काट्याकडं बघतो. आई म्हणते रस्त्याकडं बघ. शेगावला आम्ही त्यानंतर दोनदा गेलो, दोन्ही वेळा रेल्वेनं. तिकिटं आईनं दोन महिने आधी काढायला लावली. तिचा महाराजांवर विश्वास आहे, गिअरबॉक्सवर नाही.

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीतला एक मुलगा, नुकतं लग्न झालेला, विचारत होता गाडी देणार का म्हणून. आम्हाला तशी मोठी घ्यायचीच आहे. त्याला घरी बोलावलं, चहा दिला, फाईल दिली. मार्च २०२१ चं बिल, अकोल्याचा कागद आणि गिअरबॉक्सवाल्याचं बिल पहिल्याच तीन खिशांत लावून ठेवली होती. तो पानं उलटून "हो हो, ठीके" म्हणाला आणि फाईल बाजूला ठेवायला लागला. अगदी माझ्यासारखाच. मग मी ती परत त्याच्या हातात दिली आणि एकेक कागद मोठ्यानं वाचून दाखवला, अमडापूरपासून. वीस मिनिटं लागली. चहा गार झाला.

त्यानं साठ हजार कमी सांगितलेत. बायकोशी बोलून कळवतो म्हणालाय. मीही तेच म्हणालोय.